फ्रान्सच्या खेड्यांतून सायकल: नकाशावरच्या पांढऱ्या रस्त्यांचा धागा

घाटवळण

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल राइड केली, ९० तासांत संपवायची. १२१९ किलोमीटर फ्रान्स चाकाखालून गेलं, पण पाहिलं काय म्हणाल तर पुढच्याचा लाल दिवा. डोक्यावर ९० तासांचं घड्याळ असलं की गाव म्हणजे कॉफी आणि शेताचा बांध म्हणजे आडवं व्हायची जागा. ब्रिटनीतल्या एका गावात रात्री अडीच वाजता एक आजीबाई घरासमोर टेबल मांडून बसल्या होत्या. थर्मासमधली कॉफी, घरी केलेला केक, पैसे घ्यायला साफ नकार. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मी उभ्यानेच दोन घोट घेतले आणि निघालो. ती खुर्ची काही डोक्यातून जाईना.

म्हणून पुढच्या वर्षी मेअखेरीला परत गेलो. या वेळी बायको बरोबर, दोघांच्या सायकलींना मागे दोन-दोन पिशव्या, आणि दिवसाला पन्नासच्या वर जायचं नाही असा तिचा हुकूम. सतरा दिवस. परत आल्यावर या फोरमवरच्या चार-पाच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तेच ते विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मार्ग असा: पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून गाडीने ओसेर. तिथून निव्हेर्ने कालव्याच्या काठाने दक्षिणेला, मध्ये कालवा सोडून व्हेझले आणि मोरव्हांच्या डोंगरात चार दिवस, पुन्हा कालव्यावर, आणि शेवटी दसीझवरून नव्हेर. कालवा १७४ किलोमीटरांचा. काम सुरू झालं १७८४ मध्ये आणि पुरतं व्हायला पुढच्या शतकाचा मध्य उजाडला. सरकारी कामं तिकडेही अशीच.

कालवा खणला तो पॅरिसच्या चुलींसाठी. मोरव्हांच्या जंगलातली लाकडं ओढ्यांत सोडून द्यायची, वरच्या तळ्यांचं पाणी एकदम सोडलं की ती वाहत खाली क्लामसीपर्यंत यायची. प्रत्येक ओंडक्यावर मालकाच्या हातोड्याचा ठसा. क्लामसीला ती ठशाप्रमाणे निवडून, तराफे बांधून यॉन नदीतून पॅरिसला. आता लाकूड नाही, मालवाहू बोटीही जवळपास नाहीत. भाड्याच्या बोटीत बसून हळूहळू जाणारे रिटायर्ड लोक आहेत, आणि पूर्वी बोटी ओढणारे घोडे ज्या काठाने चालत त्या काठावर आपण.

सार्दी नावाचं एक ठिकाण आहे. तीन-साडेतीन किलोमीटरांत ओळीने सोळा लॉक. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि बोट एक पायरी वर नाहीतर खाली. एका लॉकवर पंचविशीतली मुलगी ड्यूटीवर होती. लोखंडी हँडल दोन्ही हातांनी फिरवायची, मग पलीकडे पळत जाऊन दुसरं. बोटीतले आजोबा दोर धरून उभे. पाणी चढायला लागलं की आधी काठावरच्या शेवाळाची ओली रेघ बुडते, मग बोटीचं नाव दिसायला लागतं, मग आजोबांची टोपी आपल्या गुडघ्यापाशी येते. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार होतो, पण बघितलं. सवय.

शांततेबद्दल विचारलं होतं. तर ऐकू काय येतं ते सांगतो. मे महिन्यात कुकू पक्षी, दिवसभर. चेनचा आवाज, तोही बायकोच्या सायकलचा, कारण मी तेल घालायला विसरलो होतो. कुठेतरी गवत कापणारा ट्रॅक्टर. आणि चर्चचे ठोके. बऱ्याच गावांत तासाचे ठोके दोनदा पडतात, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने. शेतात असलेल्या माणसाने पहिल्यांदा मोजले नाहीत तर दुसऱ्यांदा मोजावेत म्हणून, असं एका कॅम्पिंगवाल्याने सांगितलं. रात्री अकराचे बावीस ठोके तंबूत पडून मोजले आहेत.

बाकी प्रश्न येतील तसे.

---

पेठेतला_पंप

मस्त. लाल दिव्याचं वाक्य अगदी पटलं, मीही त्याच ९० तासांतला एक कैदी.
एक विचारायचंय. ही शांतता कालव्यापुरतीच आहे का? म्हणजे वेगळा सायकलमार्ग संपला की परत ट्रक अंगावर? आणि फोटो कुठायत?

---

घाटवळण

फोटो टाकतो, साइझ कमी करायला बसायला हवं.

प्रश्न चांगला आहे, कारण मला स्वतःला हेच वाटत होतं. झालं उलटंच. ओसेरच्या आसपास रविवारी कालव्याच्या काठावर कुत्री, बाबागाड्या, स्केटिंगवाली पोरं, सगळं होतं. खरा सुनसान रस्ता लागला तो मोरव्हांत, साध्या डांबरी रस्त्यावर. लोर्मच्या पुढे एका सकाळी अकरा किलोमीटरांत दोन गाड्या. त्यातली एक पोस्टाची पिवळी व्हॅन, आणि तीच परत आली, म्हणजे खरं तर एकच.

कारण असं की या देशात रस्ते भरमसाट आहेत. सगळे मिळून दहा लाख किलोमीटरांच्या वर. त्यातले बहुतेक गावाला गाव जोडणारे. जवळजवळ पस्तीस हजार कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं, आणि शंभर माणसांच्या गावालाही स्वतःचा डांबरी रस्ता आणि स्वतःचा मेयर. लांबची वाहतूक मोटरवेवर आणि मोठ्या रस्त्यांवर निघून जाते. मागे उरतं ते जाळं आपलं.

ते शोधायचं कसं? मिशेलिनचा कागदी नकाशा घ्या, १ सेंटिमीटरला दीड किलोमीटरवाला. लाल रस्ते विसरा. पिवळे फक्त नाइलाज म्हणून. पांढरे पकडा. पांढऱ्याच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर डोळे मिटून जा, म्हणजे उघडे ठेवून जा, ती निसर्गरम्य रस्त्याची खूण आहे. रस्त्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर चढ: एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. तीन टोकं दिसली की बायकोला नकाशा दाखवू नये.

फोनवरचं ॲप जवळचा रस्ता देतं. जवळचा रस्ता सगळ्यांनाच जवळचा असतो, तिथेच तर गाड्या.

---

ल्वारकाठची

नमस्कार, मी नांतला राहते, तेरा वर्षं झाली. नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. लेख छान. पण येणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहायलाच हव्यात, नाहीतर शांततेच्या भरात कोणीतरी हाड मोडून घेईल.

पहिली, उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. खेड्यात चौकावर काहीच पाटी नसेल तर तुमच्या उजव्या हाताच्या बोळातून येणाऱ्याला आधी जायचा अधिकार आहे. तो बोळ शेताचा रस्ता वाटला तरी. आणि तिथले आजोबा हा अधिकार डावी-उजवीकडे न बघता बजावतात. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत म्हणून तो थांबेल, ही आपली देशी समजूत घरी ठेवून या.

दुसरी, 'ग्राव्हियों' अशी पाटी. उन्हाळ्यात रस्त्यांची डागडुजी करतात ती डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी टाकून. दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडलेलं असतं! उतारावर वळणात ही खडी म्हणजे मोहरीच्या दाण्यांवर चालणं. पाटी दिसली की आधीच वेग कमी. खडीवर पोचल्यावर ब्रेक लावू नका.

तिसरी, 'रूत बारे', रस्ता बंद. सायकल बऱ्याचदा कडेने निघते, पण पूलच काढलेला असला की दहा किलोमीटर मागे. पाटीखाली किती पुढे बंद आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

शरद ऋतूत येणार असाल तर शिकारीचा हंगाम सप्टेंबरपासून हिवाळाभर असतो, जंगलाच्या रस्त्यांवर रविवारी भडक जॅकेट घाला. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट तर कायद्यानेच सक्तीचं आहे. सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला बंदी आहे. गाडीवाल्याने गावाबाहेर तुमच्यापासून दीड मीटर अंतर ठेवायचं, आणि खेड्यात खरंच ठेवतात. उलट वळणावर मागे रेंगाळत बसतात, तेव्हा आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर'. मग जे हवं ते. बोंझूर न म्हणता 'डू यू हॅव' असं सुरू केलंत तर फ्रेंच लोक खडूस असतात या निष्कर्षासकट घरी जाल.

---

तळटीप

धागाकर्त्याची बायको इथेच आहे आणि वाचतेय.

लेखी हुकूम वगैरे काही नव्हता. पन्नासची मर्यादा त्याच्याच गुडघ्यामुळे ठरली होती. तीन टोकांचा चढ मी चढले, हा ढकलत आला. हेही लिहायचं होतंस.

त्याने सोमवार गाळलाय, तो मी लिहिते. फ्रान्समधल्या खेड्यात रविवारी दुपारी साडेबारानंतर सगळं बंद होतं हे आम्हाला माहीत होतं. सोमवारीही बंद असतं हे माहीत नव्हतं. शातियों-आं-बाझ्वाच्या पुढे सोमवारी सकाळी आमच्याकडे अर्धा पुडा बिस्किटं, एक टोमॅटो आणि पुण्याहून आणलेली चिक्की. पहिल्या गावात बेकरी होती, शटर खाली. दुसऱ्या गावात बेकरी होती म्हणे, २०० मीटरवर, आता तिथे कोणाचं तरी गॅरेज. तिसऱ्या गावात पंचायतीच्या बाजूला पावाचं मशीन! एटीएमसारखं, नाणं टाकलं की बागेत येतो. बागेत नाही, बगेत, तो लांब फ्रेंच पाव. मशीनला फक्त नाणी चालत होती आणि आमच्याकडे वीस युरोची नोट.

घाटवळण साहेब म्हणाले, पुढच्या गावात बघू. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. बसले पायरीवर. दहा-पंधरा मिनिटांनी एक आजोबा आले, पायात घरातल्या सपाता. माझ्या हातातली नोट बघितली, मशीन बघितलं, हसले. खिशातली सगळी चिल्लर तळहातावर ओतली, त्यातलं बोटाने एक-एक नाणं वेगळं केलं आणि आमच्यासाठी दोन पाव काढून दिले. नोट घ्यायला तयार नाहीत. मग मी चिक्की दिली. त्यांनी वास घेतला, स्वतःच्या दातांकडे बोट करून मान हलवली, आणि तरी खिशात ठेवली.

त्या दिवसापासून माझ्या हँडलबारच्या पिशवीत नाण्यांची वेगळी डबी. दुपारी १२ ते २ पण बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणजे खरेदी साडेअकराच्या आत. आम्ही फिरायला गेलो होतो की रेशनच्या रांगेत, असं कधीकधी वाटायचं.

---

पेठेतला_पंप

वहिनी, तुम्हीच वेगळा धागा काढा. याचे लेख आता संशयानेच वाचणार.

---

सरळरेषा

कौतुक पुरे झालं असेल तर एक वेगळा सूर लावतो. विमान, व्हिसा, सायकलचं खोकं, युरोचा भाव. एवढं करून कशासाठी, तर रिकाम्या रस्त्यासाठी? वेल्ह्याच्या पुढे पहाटे साडेपाचला जा. आहे की रिकामा. आणि तिथे सोमवारीही भजी मिळते.

---

घाटवळण

साडेपाचला आहे. साडेआठला काय असतं तेही आपल्याला माहीत आहे. वेल्ह्याच्या रस्त्यावर माझी अर्धी हयात गेली, त्याला नावं ठेवणार नाही. पण तिथे शांतता ही वेळ साधून चोरायची गोष्ट आहे. तिकडे दुपारी तीन वाजताही ती तशीच पडलेली असते, कोणी उचलत नाही. एवढाच फरक, पण दिवसभर पाठीमागच्या हॉर्नकडे कान नसला की खांदे खाली येतात. मला तर चौथ्या दिवशी कळलं की ते वर होते.

भजीबद्दल वाद नाही.

---

कुडाळचो_नातू

शांतता कोणी उचलत नाही म्हणालात, ते खरंय. पण ती तिथे पडली कशी, त्यावर कोणी बोलत नाहीये.

मी कामानिमित्त लिमोझमध्ये आठ महिने होतो, शनिवार-रविवार सायकल घेऊन क्रझ जिल्ह्यात फिरायचो. मिलव्हाशचं पठार. सुंदर आहेच. पण तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला आमचं गाव आठवलं. आकडेच बघा. क्रझ ५५६५ चौरस किलोमीटर, आमचा सिंधुदुर्ग ५२०७. जवळजवळ सारखेच. सिंधुदुर्गात २०११ ला साडेआठ लाख माणसं होती आणि आम्ही म्हणतो गावं ओस पडली. क्रझमध्ये आहेत सव्वा लाखाच्याही आत. आणि १८५१ साली तिथे पावणेतीन लाखांच्या वर होती.

गेली कुठे? पॅरिसला. क्रझचे गवंडी प्रसिद्ध. वसंतात घर सोडायचं, पॅरिसला जाऊन बांधकामं करायची, थंडीत परत. पॅरिसचे ते भव्य रस्ते आणि इमारती आपण फोटोत बघतो ना, त्यात या लोकांचे हात आहेत. आधी नुसते पुरुष जायचे, पैसे गावी यायचे. मग रेल्वे आली आणि हळूहळू बायकापोरंही तिकडेच. गिरणगावात खोली आणि गावाला घर, हे गणित आम्हाला कोणी शिकवायला नको. दगडी घरं, निळ्या खिडक्या बंद, अंगणात गवत. ऑगस्टमध्ये त्या खिडक्या उघडतात. आमच्याकडे गणपतीत उघडतात तशा. महिनाभर गाड्या, पोरं, जेवणाची लांब टेबलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत कुलपं.

आणि जे गेले नाहीत त्यातले बरेच पहिल्या महायुद्धात गेले. प्रत्येक गावात स्मारक, त्यावर नावं. वाचत जा, सायकलवर असलं की थांबणं सोपं असतं. घरं पंचवीस आणि नावं तीस, अशी गावं पाहिली आहेत. एकाच आडनावाची तीन-तीन. बहुतेक स्मारकांवर शूर सैनिक असतो. पठारावर जांत्यू गावात मात्र दगडी खांबासमोर एक शाळकरी पोरगा उभा आहे, अंगात शाळेचा झगा, मूठ वळलेली. खांबावर लिहिलंय, युद्धाचा धिक्कार असो. १९२२ सालचं आहे. मी तिथे डबा खायला थांबलो होतो. नाही खाल्ला, पुढे जाऊन खाल्ला.

तिकडचे भूगोलवाले या पट्ट्याला रिकामी कर्णरेषा म्हणतात, ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत देशाला तिरपी छेदणारी. सायकलवाल्यांना जो शांत रस्ता मिळतो तो बराचसा याच रेषेवर. कोणी जाऊ नये असं म्हणत नाही. मी परत जाणार आहे. पण 'काय निवांत आहे' असं म्हणताना जरा दबकून म्हणतो.

---

ल्वारकाठची

नातू, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला भाषांतर करून ऐकवला. त्याचं आजोळ क्रझलाच आहे. तो म्हणाला, खिडक्यांचं बरोबर आहे, पण एक सांग, आता काही गावांत डच आणि ब्रिटिश लोकांनी घरं घेतली आहेत, आणि पॅरिसमधून कंटाळून आलेली तरुण मंडळी भाजी पिकवतात, चीज करतात. शाळा टिकली की गाव टिकतं. शाळेत पोरं किती, हा तिकडच्या पंचायतीच्या बैठकीत दरवर्षीचा विषय असतो.

तेव्हा सायकलवाल्यांनी एक करावं. मोठ्या सुपरमार्केटमधून आठवड्याचा शिधा भरून गावांतून नुसतं सटकू नये. गावात कॅफे उघडा असेल तर बसा. कॉफी प्या. तेच त्यांचं वाण्याचं दुकान, तेच पोस्ट आणि तेच पेपरचं दुकान असतं बऱ्याचदा. पंचायतीची स्वतःची कॅम्पिंगची जागा असते नदीकाठी, साधी पण स्वच्छ, गरम पाण्याचा शॉवर. बऱ्याच जागी ऑफिसात कोणी नसतं. तंबू ठोका, संध्याकाळी पंचायतीचा माणूस येऊन पैसे घेऊन जातो.

---

घाटवळण

नातू, पहिल्या पोस्टमध्ये मी ज्याला शांतता म्हटलं त्याची दुसरी बाजू तुम्ही लिहिलीत. मोरव्हांतही हेच. तिथल्या बायका पॅरिसच्या श्रीमंतांच्या बाळांना दूध पाजायला दाई म्हणून जायच्या, आणि पॅरिसची अनाथ पोरं मोरव्हांत सांभाळायला पाठवायचे. हे एका संग्रहालयात वाचलं तेव्हा नुसती माहिती वाटली होती.

---

मेतकूट_भात

मुद्द्याचं विचारते. शाकाहारी माणूस जगतो का तिकडे?

---

तळटीप

जगतो, पण चीजवर. आम्ही अंडं खातो त्यामुळे ऑम्लेटने वाचवलं. खेड्यातल्या हॉटेलात दुपारचं ठरलेलं जेवण स्वस्त असतं पण त्यात मांस ठरलेलं. गरम बकरीच्या चीजचं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं, मात्र त्यावर कधीकधी न विचारता डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकतात. ऑर्डर देतानाच सांगायचं.

रात्री आम्ही तंबूसमोर शिजवायचो. पुई गावची हिरवट-काळपट मसूर सगळीकडे मिळते. भिजवायची गरज नाही, वीस-पंचवीस मिनिटांत होते. घरून नेलेला गोडा मसाला, हळद, तिखट. फोडणीला लोणी! शेजारच्या तंबूतल्या बेल्जियन जोडप्याने वासावरून चौकशी केली आणि वाटीभर नेली.

गॅसचं लक्षात ठेवा. सिलिंडर विमानात नेता येत नाही, आणि खेड्यातल्या दुकानात मिळतं ते बहुधा निळं कॅम्पिंगगॅस. त्याचं तोंड वेगळं, आपला आट्यांचा स्टोव्ह त्यावर बसत नाही. मोठ्या शहरातून निघतानाच आपल्या मापाचं घ्या. आम्ही पहिल्या रात्री कच्ची मसूर बघत बसलो होतो.

---

पेठेतला_पंप

आणि पाणी? एवढ्या रिकाम्या मुलखात?

---

घाटवळण

दफनभूमी! गंमत नाही. प्रत्येक गावाच्या कडेला असते आणि फुलांना पाणी घालायला नळ असतो. फाटकाशेजारीच. 'ओ नों पोताब्ल' (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तर पिऊ नका, नसेल तर आम्ही तरी सतरा दिवस प्यायलो. सायकल फाटकाबाहेर ठेवायची, टोपी काढायची, बाटली भरायची. एकदा एक बाई कबरीवरची पानं साफ करत होत्या, त्यांनीच झारी बाजूला घेऊन नळ मोकळा करून दिला. बोंझूर मात्र आधी.

---

जुनी_पानं

क्लामसीचा उल्लेख वाचून डोळे विस्फारले. रोमां रोलां यांचं जन्मगाव ना ते? १८६६ चा जन्म. गांधीजी, रामकृष्ण, विवेकानंद या तिघांवर लिहिणारा माणूस, आणि तुम्ही तिथून ओंडक्यांची गोष्ट घेऊन आलात!

---

घाटवळण

कबूल. त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे तिथे, आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. (वार विचारू नका.) त्यांचं शेवटचं घर व्हेझलेला, १९४४ च्या डिसेंबरात तिथेच गेले. व्हेझले म्हणजे टेकडीवरचं गाव, वर मोठं जुनं चर्च. दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक ११४६ मध्ये याच टेकडीवरून दिली होती. मला चढताना एवढंच कळत होतं की दम लागलाय. वरून उतरणारे दोन पदयात्री भेटले, स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले. पंढरीच्या वाटेवर विचारतात तसं त्यांनी आम्हाला विचारलं, कुठून आलात. पुणे म्हटल्यावर त्यांना वाटलं सायकलवरूनच.

---

पहिलटकर

सगळा धागा दोनदा वाचला. मी ४४, सायकल तीन वर्षं, एकदाही परदेशात नाही. एकटा जाणार, येत्या जूनमध्ये, हाच कालवा. मूर्खपणा आहे का? टायर किती रुंद? गाडीत सायकल चढवू देतात का?

---

घाटवळण

मूर्खपणा अजिबात नाही. कालव्यावर हरवणं कठीण आहे, पाणी एकाच बाजूला ठेवायचं.

टायर ३५ मिलिमीटरच्या आत नको. काही भाग डांबरी, काही दाबलेल्या खडीचा, आणि मध्ये एक पट्टा असा लागला की गवतातून चाकोरी शोधत गेलो. कोलांसेलला कालवा डोंगराच्या पोटात बोगद्यात शिरतो, सायकलने वरून रस्त्याने जायचं. मोरव्हांत जाणार असाल तर गिअरच्या पुढच्या लहान चकतीला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला निदान ३४ दात हवेत. अभिमान बाळगायची जागा गिअर नव्हे.

प्रादेशिक गाड्यांत सायकल तशीच चढवता येते, वेगवान गाड्यांत आरक्षण किंवा सुटी करून पिशवीत. नियम प्रांताप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, तिकिटाआधी बघा. विमानाचं खोकं सांभाळायला आमच्या पॅरिसमधल्या हॉटेलने आधी हो म्हणून आयत्या वेळी नाही म्हटलं होतं, मग एका सायकल दुकानदाराने माळ्यावर ठेवलं. तेव्हा हे ईमेलवर लेखी घ्या.

---

तळटीप

आणि चिल्लर.

---

पहिलटकर

(जूनमधून)

शातियोंच्या पुढे आहे. काल सार्दीचे सोळा लॉक पाहिले, तीन तास तिथेच काढले. व्यवस्थित चाललंय, फक्त आज सोमवार आहे हे सकाळी लक्षात आलं. पावाचं मशीन सापडलं. तेच असावं, पंचायतीच्या बाजूला, समोर पायरी. तळटीप ताईंनी सांगितल्याप्रमाणे डबीभर नाणी आहेत.

मशीनमधले पाव संपलेत. पायरीवर बसलोय.